आफ्रिकेतील देशांत मुलांच्या हितासाठी संशोधन आणि आकडेवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्र शिकणारे विद्यार्थी, देणगी देण्याआधी चौकशी करणारे वाचक आणि नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला इथे राहणारी मराठी मंडळी यांच्याकडून या विषयावर प्रश्न येत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती होऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आकडेवारीने मुलाचे पोट भरत नाही आणि तापही उतरत नाही. मग तिचा नेमका उपयोग काय?

हाताशी असलेला तुटपुंजा पैसा, माणसे आणि औषधे कुठे लावायची हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग होतो. आमच्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण टांझानियातले आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या मोरोगोरो आणि रुफिजी या दोन ग्रामीण जिल्ह्यांत टांझानियाचे आरोग्य मंत्रालय आणि कॅनडाचे आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्र यांनी मिळून एक उपक्रम हाती घेतला. लोक कशाने आजारी पडतात आणि कशाने दगावतात याची घरोघरी फिरून नोंद घेण्यात आली आणि ती नोंद जिल्ह्याच्या आरोग्य खर्चाशेजारी मांडण्यात आली. आजारपण आणि अकाली मृत्यू यांच्या एकूण भारात हिवतापाचा वाटा सुमारे ३० टक्के होता, पण १९९६ च्या अंदाजपत्रकात त्याच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के रक्कम आलेली होती. जिल्हा अधिकाऱ्यांपुढे हे सारे साध्या आलेखांच्या रूपात ठेवले गेले, त्यामुळे संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसालाही तफावत दिसत होती.

यानंतर जिल्ह्यांनी खर्चाची दिशा बदलली. मच्छरदाण्यांवर भर दिला गेला. ताप, खोकला किंवा जुलाब घेऊन आलेल्या मुलाला एकाच सुसूत्र पद्धतीने तपासण्याचे प्रशिक्षण दवाखान्यांतल्या परिचारिकांना मिळाले. यासाठी लागलेला जादा पैसा माणशी वर्षाला एका डॉलरहूनही कमी होता. पुढच्या पाचेक वर्षांत तिथले बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. ही सगळी घट त्या उपक्रमामुळेच झाली असे मात्र म्हणता येत नाही. शेजारच्या दोन जिल्ह्यांशी तुलना केली तेव्हा बालरुग्ण तपासणीची नवी पद्धत वापरणाऱ्या जिल्ह्यांत पाच वर्षांखालील मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले आणि त्या अंदाजातही अनिश्चितता होती. तरीही या उदाहरणाचे मोल कमी होत नाही, कारण इथे आकडे ज्यांच्या हातात खर्चाचा निर्णय होता त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी निर्णय बदलला.

२. ही आकडेवारी येते कुठून?

मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण म्हणजे दर काही वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब पाहण्या. १९८४ मध्ये अमेरिकी मदतीने सुरू झालेला लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून युनिसेफ राबवत असलेल्या बहुनिर्देशक पाहण्या यांतून बालमृत्यू, लसीकरण, पोषण, शाळा असे बहुतेक मूलभूत आकडे मिळतात. आपल्याकडची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीही यांपैकी पहिल्या कार्यक्रमाच्या धर्तीची आहे आणि तिचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. त्यामुळे तिच्या प्रश्नावल्या पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्याला घाना किंवा झांबियाची प्रश्नावली ओळखीची वाटते.

दुसरे ठिकाण म्हणजे कायमस्वरूपी निरीक्षणाचे परिसर. ठरावीक गावांतल्या प्रत्येक घरी वर्षातून काही वेळा जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपले जाते आणि हे वर्षानुवर्षे चालते. सेनेगलमधील नियाखार इथे हे काम १९६० च्या दशकात सुरू झाले. गिनी-बिसाऊमधील बांदिम, घानातील नव्रोंगो, केनियातील किलिफी आणि दक्षिण आफ्रिकेतील अगिंकोर्ट ही अशीच नामांकित ठिकाणे आहेत. अशा परिसरांचे जाळे घानाची राजधानी आक्रा इथून चालवले जात असे आणि पुण्याजवळच्या वढू इथला, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा परिसरही त्याचा सदस्य होता.

तिसरे ठिकाण म्हणजे दवाखाने आणि शाळा यांच्या रोजच्या नोंदी. त्या स्वस्त असतात आणि ताज्याही असतात, पण त्यांच्यावर किती विसंबायचे याविषयी प्रश्न १३ पाहावा.

३. ‘आफ्रिकेतील बालमृत्यू’ असा एकच आकडा वापरला तर चालतो का?

कल पाहण्यापुरता चालतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १९९० मध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १८० मुले पाचव्या वाढदिवसाआधी दगावत असत. २०२३ मध्ये हे प्रमाण ७० च्या आसपास आले. ही घट फार मोठी आहे आणि तिची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, याची खंत वाटते.

निर्णय घेण्यासाठी मात्र हा आकडा निरुपयोगी आहे. रवांडाच्या २००५ च्या पाहणीत हजारी १५२ असलेले बालमृत्यूचे प्रमाण २०१४-१५ मध्ये ५० वर आले. त्याच सुमारास इतर काही देशांत ते जेमतेम हलले. देशाच्या आतली दरी तर त्याहून मोठी असते. नायजेरियाच्या २०१८ च्या पाहणीत देशाचा आकडा हजारी १३२ होता, पण नैर्ऋत्येकडील ओगुन राज्यात तो ३० होता आणि वायव्येकडील केब्बी राज्यात २५२. देशाच्या सरासरीवरून औषधे वाटली, तर केब्बीतल्या मुलांवर अन्याय होणार हे उघड आहे. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या देशाचा, कोणत्या भागाचा आणि कोणत्या वर्षाचा आहे हे आधी पाहावे.

४. जन्माची नोंदच नसेल तर मुलाचे वय कसे ठरवतात? आणि थोडे चुकले तर काय बिघडते?

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच वर्षांखालील साधारण निम्म्याच मुलांची जन्मनोंदणी झालेली आहे. ज्या घरी कार्ड किंवा दाखला नसतो, तिथे पाहणी करणारी कार्यकर्ती त्या भागातल्या घटनांची यादी घेऊन बसते. हे बाळ रमजानच्या आधी झाले की नंतर, मक्याच्या काढणीच्या वेळी की पेरणीच्या, निवडणूक झाली तेव्हा ते पोटात होते की रांगत होते, असे विचारत विचारत जन्माचा महिना गाठला जातो. हे काम नीट केले नाही, तर सगळी मुले बरोबर एक, दोन किंवा तीन वर्षांची असल्यासारखे आकडे साचतात, आणि तो साचा दिसला की पाहणी घाईने उरकली गेली हे जाणकाराला कळते.

वयातल्या लहानशा चुकीने काय होते ते एका मुलावरून पाहू. मुलाची झोपवून मोजलेली लांबी ८०.५ सेंटीमीटर आहे असे समजा. तो २१ महिन्यांचा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार त्या वयाची खालची मर्यादा ७९.४ सेंटीमीटर आहे आणि तो ठीक आहे. तोच मुलगा २४ महिन्यांचा असेल, तर मर्यादा ८१.७ सेंटीमीटर आहे आणि त्याची नोंद वाढ खुंटलेल्या मुलांत होते. तीन महिन्यांची चूक आणि एक मूल कार्यक्रमात आले किंवा बाहेर राहिले. मोजणीतही अशीच शिस्त लागते. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर झोपवून मोजतात, मोठ्याला उभे करून मोजतात आणि या दोन पद्धतींत ०.७ सेंटीमीटरचा फरक धरतात. टाच उचललेली, डोके कललेले, केसांचा अंबाडा तसाच ठेवलेला, असे काहीही चालत नाही.

वय अजिबात कळत नसेल, तर दंडघेराची पट्टी उपयोगी पडते. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर डाव्या दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजून तातडीने उपचारांना घेतात. नायजरमधील झिंदर भागात ही रंगीत पट्टी आयांच्याच हाती देऊन पाहिली गेली आणि आयांनी केलेली मोजणी आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीची ठरली. मूल अंगाने उतरते आहे हे दर आठवड्याला घरातच कळू शकते. त्यासाठी पाहणीची वाट पाहावी लागत नाही.

५. घरोघरी पाहणी केली म्हणजे सगळी मुले मोजली गेली, असे समजावे का?

नाही. कुटुंब पाहणी घर असलेल्यांची असते. रस्त्यावर राहणारी मुले, अनाथालयांतली मुले, छावण्यांमधली निर्वासित मुले आणि गुरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांतली मुले तिच्यातून निसटतात, आणि नेमकी हीच मुले सर्वांत जास्त धोक्यात असतात. उत्तर नायजेरियात पोलिओ लसीकरणाच्या पथकांना हाताने काढलेले नकाशे दिलेले होते आणि त्यांत कित्येक वस्त्याच नव्हत्या. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नवे नकाशे झाले आणि पथकांच्या फिरण्याचा माग ठेवला गेला, तेव्हा सुटलेल्या वस्त्या सापडल्या. २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे लस आणि हजारो कार्यकर्त्यांचे कष्ट होते, तसे हे नकाशेही होते.

६. दवाखान्यात न पोहोचताच दगावलेल्या मुलाच्या मृत्यूचे कारण कसे समजते?

प्रशिक्षित कार्यकर्ता काही आठवड्यांनी, शोकाचा काळ सरल्यावर घरी जातो आणि आईला किंवा सांभाळणाऱ्याला सविस्तर विचारतो : ताप किती दिवस होता, श्वास भराभर चालत होता का, छाती आत ओढली जात होती का, झटके आले का, दूध पिणे कधी थांबले. या उत्तरांवरून डॉक्टर किंवा संगणकीय पद्धत संभाव्य कारण ठरवते. महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवर अशाच चौकशीच्या आधारे बालमृत्यूंची कारणे शोधली होती, त्यामुळे मराठी वाचकांना ही पद्धत परकी नाही.

तिची मर्यादाही माहीत असावी. हिवताप आणि न्यूमोनिया यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि केवळ आठवणींवरून त्यांत फरक करणे अवघड असते. म्हणून मोझांबिक, केनिया, माली, इथियोपिया, सिएरा लिओन आणि दक्षिण आफ्रिका इथल्या काही ठिकाणी पालकांची संमती घेऊन मृत बालकाच्या शरीरातून बारीक सुईने ऊतींचे नमुने घेतले जातात आणि तपासणीत काय निघाले ते कुटुंबाला परत येऊन सांगितले जाते. हे परत येऊन सांगणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ज्या आईने दुःखात असताना संमती दिली, तिला उत्तर मिळाले पाहिजे.

७. जे उपचार युरोप-अमेरिकेत सिद्ध झाले आहेत, ते आफ्रिकेतल्या मुलांवर पुन्हा का तपासायचे? हा वेळेचा अपव्यय नाही का?

नाही, आणि याचे उत्तर २०११ मध्ये फार कठोरपणे मिळाले. तीव्र ताप असलेले आणि रक्ताभिसरण मंदावलेले मूल रुग्णालयात आले की त्याला शिरेतून भरभर सलाइन द्यायचे, असा श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांचा शिरस्ता होता आणि तोच सर्वत्र शिकवला जात होता. केनिया, युगांडा आणि टांझानियातील रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक मुलांवर हे तपासण्यात आले. ज्या मुलांना असे जलद सलाइन दिले नाही, त्यांच्यापैकी ४८ तासांत ७.३ टक्के मुले दगावली. ज्यांना जलद सलाइन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या एका प्रथिनाचा द्राव) दिले, त्यांच्यात हे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते. ज्या उपचाराने जीव वाचतो असे सारे धरून चालले होते, त्याने अधिक मुले दगावत होती. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

कृत्रिम श्वसनयंत्र आणि क्षणोक्षणीची देखरेख नसलेल्या, हिवताप आणि रक्तक्षय सर्रास असलेल्या ठिकाणचे ते उत्तर होते, आणि ते लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसून कधीच मिळाले नसते. इथे एक खबरदारी आवश्यक आहे. जुलाबांमुळे शरीरातले पाणी कमी झालेली मुले या चाचणीत घेतलेली नव्हती. त्यांना पाणी आणि क्षार देण्याच्या उपचारावर या निष्कर्षाचा काहीही परिणाम होत नाही.

८. काही शाळांना औषध आधी आणि काहींना नंतर द्यायचे, हा त्या मुलांवर अन्याय नाही का?

एकाच वेळी सगळ्यांना देण्याइतकी साधने असतील आणि तरीही रोखून धरले, तर नक्कीच अन्याय आहे. बहुतेक वेळा परिस्थिती वेगळी असते. केनियाच्या पश्चिमेकडील बुसिया जिल्ह्यात १९९८ मध्ये ७५ प्राथमिक शाळांत जंतनाशक गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सगळ्या शाळांपर्यंत एकदम पोहोचणे शक्य नव्हते. कोणाला आधी द्यायचे हे पुढाऱ्याच्या शब्दावर किंवा रस्त्याच्या सोयीवर न सोडता शाळांचे तीन गट केले गेले आणि टप्प्याटप्प्याने सर्वांना औषध मिळाले. आधी औषध मिळालेल्या शाळा आणि वाट पाहणाऱ्या शाळा यांची तुलना करून अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांना आढळले की मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. शिवाय औषध न घेतलेल्या आजूबाजूच्या मुलांनाही लाभ झाला, कारण जंतांचा प्रसारच कमी झाला होता.

अशी टप्प्याटप्प्याची तुलना करण्याआधी स्थानिक नीतिसमितीची मान्यता, पालकांना दिलेली माहिती आणि वाट पाहणाऱ्यांना ठरलेल्या वेळी लाभ देण्याचा शब्द या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. संमतीविषयी प्रश्न १२ पाहावा.

९. पण जंतनाशकाचा तोच अभ्यास चुकीचा ठरला, असे वाचले होते. खरे काय?

पूर्ण चुकीचा ठरला असे म्हणणे बरोबर नाही, आणि सगळे निर्विवाद आहे असे म्हणणेही बरोबर नाही. मूळ संशोधकांनी आपली आकडेवारी इतरांना तपासायला खुली केली. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ती पुन्हा तपासली तेव्हा गणितातल्या काही चुका सापडल्या आणि दूरच्या शाळांना झालेल्या लाभाचा दावा कमजोर झाला. हजेरी वाढल्याच्या निष्कर्षाचे वजन किती, यावर दोन्ही बाजूंचे मतभेद राहिले. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी असेही म्हटले की सरसकट गोळ्या देऊन मुलांच्या वजनात किंवा अभ्यासात सरासरी मोठा फरक दिसत नाही. दुसरीकडे, बुसियातल्या त्याच मुलांचा माग वीस वर्षे ठेवला गेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन-तीन वर्षे जास्त औषध मिळालेल्यांची तासागणिक कमाई सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होती.

आमचे मत असे की गोळी अत्यंत स्वस्त आणि सुरक्षित असल्यामुळे, जिथे जंतांचे प्रमाण जास्त आहे तिथे ती देणे शहाणपणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही २० टक्के किंवा त्याहून अधिक प्रादुर्भाव असलेल्या भागांसाठी आहे. जिथे जंत कमी आहेत तिथे बुसियाचे आकडे दाखवून तेवढ्याच लाभाची आशा लावणे बरोबर नाही. २०१५ पासून आपल्या शाळा-अंगणवाड्यांत पाळला जाणारा राष्ट्रीय जंतनाशक दिनही याच तर्कावर उभा आहे.

१०. शाळेत पुस्तके दिली, वर्ग बांधले की मुले शिकतात ना? त्यासाठी संशोधन कशाला?

हे केनियातच तपासून पाहिले गेले आहे. शाळांना मोफत पाठ्यपुस्तके दिली, पण सरासरी गुण वाढले नाहीत. फक्त आधीपासून पुढे असलेल्या मुलांना लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि कित्येक मुलांची ती घरची बोली आणि स्वाहिली यांच्यानंतरची तिसरी भाषा होती. पुस्तक हातात होते, पण वाचता येत नव्हते.

मग मुलांना वाचता तरी येते का, हा प्रश्न पुढे आला आणि इथे मुंबईचा थेट संबंध येतो. मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणी सुरू केली. स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. हीच कल्पना घेऊन केनिया, युगांडा आणि टांझानियात ‘उवेझो’ पाहणी उभी राहिली. ती घरी होत असल्यामुळे शाळेत न जाणारी मुलेही मोजली जातात, आणि निकाल पालकांना तिथल्या तिथे कळतो. वरच्या इयत्तांतल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्या देशांनी पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांत पाहिले.

त्यावरचा उपायही सोबतच गेला. झांबियात सरकारने २०१६ पासून तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज काही वेळ इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवायला सुरुवात केली आणि हा कार्यक्रम हजारो शाळांपर्यंत नेला. बोट्सवानात कोरोनाकाळात शाळा बंद असताना शिक्षकांनी पालकांना आठवड्याला एक संदेश पाठवला आणि थोडा वेळ फोनवर मुलाकडून गणिते सोडवून घेतली, तेव्हा शिकण्यात मोजता येईल इतकी सुधारणा दिसली. नुसत्या संदेशाने मात्र तेवढा फरक पडला नाही. समोरून कोणीतरी मुलाशी बोलणे आवश्यक होते.

११. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही. मच्छरदाण्यांना थोडे तरी पैसे घ्यायला नकोत का?

हा समज तिथेही होता आणि काही वर्षे त्यावर धोरणे आखली गेली. पश्चिम केनियात गरोदर स्त्रियांना वेगवेगळ्या दराने मच्छरदाण्या देऊन पाहिले, तेव्हा मोफत ऐवजी अवघे ६० सेंट घेतले तरी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-अंकांनी घसरले. पैसे मोजून घेतलेल्या घरांत मच्छरदाणी जास्त वापरली जाते, असेही दिसले नाही. ही तपासणी झाली नसती, तर ‘किंमत कळावी’ म्हणून लावलेला दर मुलांच्या जिवावर बेतत राहिला असता.

१२. लहान मूल संमती कशी देणार? आणि हिंसेसारख्या विषयावर मुलांना विचारणे योग्य आहे का?

पालकांची लेखी किंवा साक्षीदारासमोर दिलेली संमती आणि समज असलेल्या मुलाची स्वतःची मान्यता, अशा दोन्ही लागतात. संमती त्यांच्या भाषेत, नकार दिला तरी उपचार मिळणारच हे सांगून घ्यावी लागते. हे नियम कडक का आहेत, हे नायजेरियाच्या उत्तरेकडील कानो शहराला विचारावे. १९९६ मध्ये तिथे मेंदूज्वराची भीषण साथ असताना फायझर कंपनीने सुमारे २०० मुलांवर औषधाची चाचणी केली. पालकांना नीट कल्पना दिली नव्हती असा आरोप झाला, खटले चालले आणि २००९ मध्ये कानो राज्याशी ७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. पण लोकांच्या मनात राहिलेला अविश्वास पुढे पोलिओच्या लसीलाही भोवला.

हिंसेविषयी विचारणे आवश्यक आहे, पण अत्यंत काळजीने. २००७ मध्ये इस्वातिनी (तेव्हाचे स्वाझीलँड) या देशात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते २४ वयाच्या मुली आणि तरुणींपैकी सुमारे एक तृतीयांश जणींनी वयाच्या अठराव्या वर्षाआधी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याआधी हा प्रश्न किती मोठा आहे हे कोणी आकड्यांत मांडलेले नव्हते आणि म्हणून ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे उत्तर खपत होते. त्यानंतर अशा पाहण्या आफ्रिकेतील अनेक देशांत झाल्या. त्यांची पथ्ये अशी की एका घरातून एकाच व्यक्तीला विचारायचे, म्हणजे घरातल्या अत्याचाऱ्याला सुगावा लागत नाही; मुलाखत एकांतात घ्यायची; मुलींना स्त्री कार्यकर्तीनेच विचारायचे; आणि मदत हवी असलेल्या मुलीला कुठे पोहोचवायचे याची व्यवस्था आधीच झालेली असायची. शेवटची अट पुरी होत नसेल, तर पाहणी करू नये. हे आमचे ठाम मत आहे.

१३. सरकारी आकडे फुगवलेले असतात, असे म्हणतात. मग भरवसा कशावर ठेवायचा?

आकड्याला पैसा जोडला की तो वाढण्याची शक्यता असते. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि शाळांना पटसंख्येवर अनुदान मिळू लागले, तेव्हा शाळांच्या नोंदींत पट झपाट्याने वाढलेला दिसला. घरोघरच्या पाहणीत तेवढी वाढ दिसत नव्हती. लसीकरणातही, दिलेल्या मात्रांच्या संख्येवर मदत मिळू लागली तेव्हा काही देशांत असेच झाले. म्हणून रोजच्या नोंदी आणि स्वतंत्र पाहणी एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. तळातल्या परिचारिकेला दोष देऊन मात्र काही साधत नाही. एकाच रुग्णाची माहिती ती चार वेगवेगळ्या वह्यांत भरते आणि त्यांतली एकही वही तिच्या उपयोगासाठी परत येत नाही. ज्या ठिकाणी महिन्याच्या बैठकीत तिच्याच दवाखान्याचे आकडे तिच्यासमोर मांडले जातात, तिथे नोंदी सुधारतात.

१४. हे सगळे परदेशी विद्यापीठेच करतात ना? आफ्रिकेतल्या लोकांचा यात वाटा किती?

वाटा मोठा आहे आणि श्रेय कमी मिळते, ही रास्त तक्रार आहे. नैरोबीचे आफ्रिकी लोकसंख्या आणि आरोग्य संशोधन केंद्र, टांझानियाची इफाकारा आरोग्य संस्था, आदिस अबाबामधील आफ्रिकी बाल धोरण मंच यांसारख्या संस्था प्रश्न निवडण्यापासून धोरणापर्यंतचे काम स्वतः करतात. मुलांचे हक्क आणि कल्याण यांविषयीची आफ्रिकी सनद १९९० मध्ये स्वीकारली गेली आणि १९९९ मध्ये अमलात आली. सरकारांनी त्या सनदीचे किती पाळले हे तपासायलाही याच संस्थांचे आकडे लागतात.

पैसा बाहेरचा असला की धोका कसा असतो, हे २०२५ च्या सुरुवातीला दिसले. अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबवली आणि प्रश्न २ मध्ये उल्लेख केलेला लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम अर्ध्यावर अडकला. काही देशांत पाहणी चालू असतानाच काम थांबले. पुढे इतर देणगीदारांच्या तात्पुरत्या मदतीने काही काम पुन्हा सुरू झाले, पण ज्या देशाच्या मुलांचा हिशेब आहे त्या देशाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असणे का गरजेचे आहे, हे या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

१५. महाराष्ट्राचा यात आणखी काही संबंध आहे का?

देवनार, वढू, गडचिरोली आणि ‘प्रथम’ यांचा उल्लेख वर आलाच आहे. लसींचे सांगायचे राहिले. सेनेगलपासून इथियोपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘अ’ प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते की मात्रेमागे अर्ध्या डॉलरहून अधिक परवडणार नाही. त्या किमतीत बसणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोतून तिची मोहीम सुरू झाली. तिथे त्या प्रकारचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली हिवतापाची आर-२१ लसही पुण्यातच बनते. तिच्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाल्या, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना मिळू लागली.

१६. एका ठिकाणी यशस्वी झालेला कार्यक्रम दुसरीकडेही चालेल, असे धरावे का?

धरू नये. गडचिरोलीत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यानंतर अशा गृहभेटींची कल्पना जगभर गेली. घानात मोठ्या प्रमाणावर ती तपासली, तेव्हा घट सुमारे ८ टक्केच आढळली आणि तीही योगायोगाची असू शकेल इतकी लहान होती. गडचिरोलीची कार्यकर्ती न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविक देत होती. घानात कार्यकर्त्याचे काम समुपदेशन करणे आणि आजारी बाळाला दवाखान्यात पाठवणे एवढे होते, आणि बऱ्याच माता आधीच दवाखान्यात बाळंत होत होत्या.

कधी कधी कार्यक्रम तोच, देश तोच आणि फक्त राबवणारे हात बदलतात, तरीही निकाल बदलतो. केनियात कंत्राटी शिक्षक नेमून पाहिले, तेव्हा स्वयंसेवी संस्थेने राबवलेल्या शाळांत मुलांचे गुण वाढले. तोच कार्यक्रम त्याच वेळी सरकारी यंत्रणेने राबवला तिथे काहीच फरक पडला नाही. पगार उशिरा होत होते आणि देखरेख ढिली होती. त्यामुळे ‘तिथे चालले’ असे कोणी सांगितले, तर कोणी चालवले, त्यांनी नेमके काय दिले आणि तिथे आधीपासून काय उपलब्ध होते, हे तीन प्रश्न विचारावेत.

१७. मला देणगी द्यायची आहे. संस्थेला काय विचारू?

किती मुलांना लाभ दिला, एवढ्यावर थांबू नये. कार्यक्रम नसता तर काय झाले असते हे कशावरून ठरवले, कोणती मुले सुटली (प्रश्न ५), आकडे कोणी तपासले (प्रश्न १३) आणि निकाल निराशाजनक आला तेव्हा संस्थेने काय बदलले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे ठोस उत्तर देणारी संस्था आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटते.

१८. मी विद्यार्थी आहे. ही आकडेवारी मला घरबसल्या मिळेल का?

मिळेल. युनिसेफच्या बहुनिर्देशक पाहण्यांचे संच नोंदणी करून आणि अभ्यासाचा हेतू थोडक्यात लिहून विनामूल्य उतरवून घेता येतात. लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांसाठीही हीच रीत आहे. फक्त प्रश्न १४ मध्ये सांगितलेल्या अडचणींमुळे तिथे विलंब होऊ शकतो. इथियोपिया आणि आंध्र-तेलंगणातील मुलांना २००२ पासून एकाच पद्धतीने पाहत आलेल्या ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यासाची माहितीही संशोधकांना खुली आहे आणि भारताशी तुलना करायची असेल तर तिथूनच सुरुवात करावी. एका देशाचा एकच संच घ्या, आधी त्याची प्रश्नावली आणि नमुना निवडीची टिपण्णी पूर्ण वाचा, पाहणीच्या अहवालात छापलेला एक साधा आकडा, उदाहरणार्थ गोवराच्या लसीचे प्रमाण, भारांक (नमुन्यातल्या प्रत्येक घराला हिशेबात किती वजन द्यायचे तो आकडा) लावून स्वतः काढून पाहा, आणि तो जुळल्यावरच पुढच्या प्रश्नाकडे जा.